माझ्या नावाचं रडणं

माझ्यावर रडून झालेलं आहे. मी जिवंत असताना, माझ्यासमोर, माझ्याच सांगण्यावरून आणि माझ्याच मोबाइलवर. त्यात वावगं काहीच नव्हतं. शैक्षणिक उपक्रम होता.

मी सालेकसा तालुक्यातल्या एका गावात मराठी शिकवतो. आमच्या वर्गात मराठी सोडून सगळं बोललं जातं. पवारांची पोरं पोवारी बोलतात, जंगलाकडच्या टोल्यांवरची, म्हणजे पाड्यांवरची, गोंडी, रेल्वेलाइनीपलीकडची छत्तीसगढी, उरलेली झाडीबोली, आणि भांडण लागलं की सगळी मिळून हिंदी. मराठी फक्त उत्तरपत्रिकेत, तीही गाइडातली. 'माझी आई' निबंध लिहायला सांगितला की सगळ्यांच्या आया एकसारख्या निघायच्या : पहाटे उठून तुळशीला पाणी घालणाऱ्या आणि मग ओव्या म्हणणाऱ्या. एकाला मी विचारलं, "तुझी आई तर तेंदूपत्ता तोडायला जाते ना रे?"

"जाते जी. पन थे परीक्षेत चालते का?"

त्याच सुमारास गोंदियाला आमचं प्रशिक्षण झालं. विषय : भाषाशिक्षणात समाजमाध्यमे आणि ब्लॉगलेखन. तज्ज्ञ बाई म्हणाल्या, मुलांच्या घरची बोली ऑनलाइन आणा, तिच्यावरून प्रमाण मराठीकडे या. बाकीचे शिक्षक समोशाची वाट पाहत होते. मी मात्र पेटलो. (पेटणाऱ्या माणसाला वेळीच पाणी मारणारं कोणीतरी घरात असावं लागतं. माझी बायको ममता तेव्हा नेमकी माहेरी होती.)

मी ब्लॉग काढला, 'घरची बोली, शाळेची मराठी'. त्याच्या जोडीला समाजमाध्यमावर एक पान, पालकांचा ग्रुप, सगळं काढलं. मुख्याध्यापकांनी परवानगी दिली : "करा, पण शाळेचं नेट वापरू नका." पोरांनी आजीची शिवी, आजोबांची शेतातली हाळी असं काहीबाही आणलं. ब्लॉगला वाचक दोन मिळाले. एक मी. दुसरी ममता, तीही मी पाठीमागे उभा राहिलो तरच.

आता फुफाबाईची ओळख करून द्यायला हवी. फुफाबाई म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. तिचे यजमान, फुफाजी, गेल्यापासून ती आमच्याकडेच राहते. आमच्याकडे कोणाच्या मातीला गेलं (म्हणजे अंत्यविधीला, आम्ही आडपडदा ठेवत नाही), की बाया नुसते हुंदके देत नाहीत, बोलून रडतात. सुरात. गेलेल्या माणसाचा सगळा जन्म त्यात येतो, आणि ऐकणारा अर्ध्या तासात त्याला नव्यानं ओळखायला लागतो. यात फुफाबाईचा हात धरणारं कोणी नव्हतं. नागऱ्यापासून दरेकशापर्यंत कुठंही आमच्या नात्यात माती असली की आधी तिच्यासाठी गाडी यायची आणि मग लाकडं यायची. तिची एक खोड मात्र होती. ती खोटं रडत नसे. गेलेला कंजूष असेल तर तिच्या रडण्यातही तो कंजूषच असायचा, फक्त सुरात.

माझे वडील, बाबूजी, हिवाळ्यापासून खाटेवर होते. "घरी न्या, आवडेल ते खाऊ घाला," असं डॉक्टर म्हणाले होते, आणि त्याचा अर्थ बाबूजींसकट सगळ्यांना कळला होता. मरणाचं त्यांना फारसं काही वाटत नव्हतं. इच्छा एकच होती : आपल्या मातीला बाईनं रडावं, आणि नीट रडावं. त्यासाठी ते खाटेवरून सूचना द्यायचे.

"बाई, माह्या वक्ती त्या म्हशीचं सांगजो." (तरुणपणी नाल्याच्या पुरात उडी मारून बाबूजींनी एक म्हैस काढली होती. म्हशीनंच बाबूजींना काढलं, असंही एक मत गावात आहे.)

"सांगीन."

"अन् सरपंचाच्या विलेक्शनचं नोको सांगू."

"थे बी सांगीन. पडला होता तं पडला होता."

बाबूजी भिंतीकडे तोंड करून पडायचे. दुसऱ्या दिवशी पुन्हा म्हशीपासून सुरुवात. मला ते ऐकवत नसे. पण त्या दोघांना त्यात काही जड वाटत नव्हतं. लग्नाच्या जेवणात काय करायचं ते ठरवावं तसं चाललेलं असायचं.

अशाच एका दुपारी माझ्या डोक्यात आलं : अरे, जिवंत भाषा म्हणून मी पोरांना गावभर हिंडवतोय, आणि ती तर माझ्या ओसरीवर तांदूळ निवडत बसली आहे!

"फुफाबाई, थोडं रडून दाखव ना."

"कोन मरला?"

"कोणी नाही. शाळेसाठी पाहिजे."

"कोनी मरला नाही तं कायले रडू?"

मी तिला बोलीभाषेचं संवर्धन समजावून सांगितलं. तिनं माझ्या कपाळाला हात लावून ताप आहे का ते पाहिलं. मग म्हणाली, नावाशिवाय सूर लागत नाही, नाव सांग. मी म्हटलं, फुफाजींच्या नावानं रड.

"त्याईचा रडना झाला. एका मानसावर एकडावच रडतात. दुसऱ्यांदा जमत नाही."

आत बाबूजी खोकत होते. त्यांचं नाव दोघांपैकी कोणीच काढलं नाही. शेजाऱ्याचं घ्यावं तर भांडण. शेवटी मी म्हटलं, "मग माझ्या नावानं रड."

मला वाटलं, ती माझ्या तोंडावर हात ठेवेल, 'असं बोलू नये बाबू' म्हणेल. तिनं क्षणभर विचार केला, "बरं," म्हणाली, आणि पदर डोक्यावरून पुढे ओढला.

"मोरो टेकू रे..." तिनं सूर लावला आणि माझ्या अंगावर काटा आला. टेकू म्हणजे मी, टेकचंद. ती पोवारीत रडत होती, मी अर्थ सांगतो. आईविना वाढलास रे माझ्या टेकू, माझ्या पाठीवर बसून शाळेत गेलास. इथपर्यंत माझे डोळे भरून आले होते. मग ती पुढं गेली. पुस्तकं वाचून डोळे घालवलेस रे, पण बांधीतलं धान कोणतं अन् गवत कोणतं ते तुला कधी कळलं नाही. गाडी घेतलीस, ती दारात उभी राहिली, तिच्यात कोंबडीनं अंडी घातली रे. शाळेतून येताना हॉटेलात चहा पिऊन आलास, पण बायकोच्या भीतीनं घरात कधी तोंड उघडून चहा मागितला नाहीस रे, मोरो टेकू...

आत ममतानं भांडं ठेवल्याचा आवाज आला. जरा जोरात आला.

मोबाइलवर टिपलेलं ते रडणं मी जराही कापलं नाही. बोली जशी आहे तशीच मांडावी, असं तज्ज्ञ बाई म्हणाल्या होत्या. आवाजावर माझा फोटो लावला. मोबाइलमध्ये एक चौकट आयती मिळाली, फुलांची, ती छान दिसली. ब्लॉगवर आणि पालकांच्या ग्रुपवर टाकताना खाली सविस्तर लिहिलं : 'भाषेचा जिवंत नमुना. स्वाध्याय : या रडण्यातील तीन वाक्ये प्रमाण मराठीत लिहा.' पण सविस्तर लिहिलेलं वाचायला पुढं बोट दाबावं लागतं. बोट कोणीच दाबलं नाही. फुलांची चौकट, माझा फोटो आणि फुफाबाईचा आवाज एवढं सगळ्यांपर्यंत पोहोचलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दात घासत होतो. गल्लीच्या तोंडाशी जीप थांबली आणि बायांचं रडणं सुरू झालं. आमच्याकडे घर दिसलं की तिथूनच रडत यायची रीत आहे. कोणाकडे काय झालं म्हणून मी लुंगीवर, तोंडात ब्रश धरून, बाहेर आलो. त्या माझ्याकडेच येत होत्या. सगळ्यात पुढे होती ती माझी नागऱ्याची मावससासू. तिनं मला पाहिलं, पण रडणं एकदा उचललं की मध्येच टाकता येत नाही. माझ्याकडे पाहत पाहत, माझ्या नावानं, तिनं ती ओळ पुरी केली. मग पदरानं नाक पुसून विचारलं, "तू आहेस तं मंग मेला कोन?"

आतून बाबूजींनी आवाज दिला, "कोन मेला गा?"

"तुमचा टेकचंद, जी."

"नाही बा. आत्ता तं गेला इथून लोटा घेऊन."

शेजाऱ्यांनी वरण-भात रांधून आणला होता, कारण ज्या घरात माती होते तिथं चूल पेटत नाही. तो परत नेणं बरं दिसत नाही म्हणून आम्ही सगळ्यांनी जेवून घेतला. मावससासू दोनदा भात घेऊन, माझ्याकडे रागानं पाहत गेली. मी धावत शाळेत पोहोचलो, तर शोकसभा आटोपून शाळा सुटत होती. फाटकातून बाहेर पडणाऱ्या पोरांनी मला पाहिलं. मास्तर वारल्याचं दुःख मी त्यांच्या चेहऱ्यावर आधी पाहिलं नव्हतं, पण मास्तर परत आल्याचं पाहिलं.

इथवर मीही हसलो. लाज वाटली, पण हसलो. पुढचं मात्र हसण्यासारखं नव्हतं.

ममताचा धाकटा भाऊ मुन्ना याचं गोंदियाला मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. त्यानं ते रडणं चहाच्या ओळीपुरतं कापलं, त्याला खालून ढोल-ताशाचा ठेका लावला आणि गिऱ्हाइकांना वाटलं.

"जीजाजी, आप तो पूरे जिले में फेमस हो गए. बारातीत वाजून राहिला तुमचा चहा!"

खरंच वाजत होता. फुफाबाईच्या गळ्यावर लोक नाचत होते. तिला मी ते कळू दिलं नाही. पण थोड्याच दिवसांत शेजारच्या गावात एक माती झाली, गाडी आली, ती गेली, आणि नेहमीपेक्षा लवकर परत आली. पाय न धुता ओसरीवर बसली.

"काय झालं?"

"रडाले बसली तं समद्याईनं मोबाइल काढले. अन् एक पोट्टा मागून म्हनते, आजी, चहाचं सांग ना."

"मग?"

"मंग का? उठली." पदरानं कपाळ पुसून म्हणाली, "आता मी रडत नाही गा, टेकू. झाला माहा रडना."

मी तिचे पाय धरले. ती माझ्यावर रागावली नव्हती, आणि तेच मला सहन होत नव्हतं.  आतल्या खाटेवरून बाबूजी म्हणाले, "मंग मी कायले मरू?"

त्यांनी ते खरंच मनाला लावून घेतलं. म्हशीचं नाव काढेनात. फुफाबाई खाटेजवळ बसून त्यांना भात भरवायची, दोघं एकमेकांकडे पाहायचे नाहीत. मी ब्लॉग पुसला, पान पुसलं, ग्रुप पुसला. सायकलवर घरोघर जाऊन पालकांच्या मोबाइलमधून माझं रडणं माझ्या हातानं पुसलं. मुन्नाला फोनवर इतका बोललो की ममता दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तो म्हणाला, "डिलीट कर दिया जीजाजी, माँ कसम." भाषेसाठी मी आयुष्यात एकच गोष्ट केली, आणि तिनं माझ्या घरातली सगळ्यात सुंदर भाषा बंद पाडली. हे मला शाळेत, फळ्याकडे तोंड असताना, सारखं आठवायचं.

तेंदूपत्त्याच्या हंगामात, ऐन उन्हाच्या दिवसांत, एका सकाळी बाबूजी गेले. शेवटचे काही दिवस ते बोलतच नव्हते. फक्त आदल्या संध्याकाळी त्यांनी फुफाबाईचा हात धरला आणि सोडला नाही.

अंगण भरलं. बाबूजींना आंघोळ घालून ठेवलं होतं. फुफाबाई त्यांच्या डोक्याशी बसली, पदर पुढे ओढून, तोंड मिटून. बाया तिची वाट पाहत थांबल्या होत्या. ती असताना दुसरं कोणी सुरुवात करत नाही. ऊन चढायला लागलं. मांडवाखाली मागं उभ्या असलेल्या पोरांच्या हातांत मोबाइल होते, आणि ते छातीपर्यंत वर आलेले मला दिसत होते. कोणीतरी म्हाताऱ्यानं म्हटलं, "आता उचलाले पायजे गा, ऊन होऊन राहिलं."

बाबूजींवर कोणी न रडताच ते जाणार, हे मला त्या क्षणी कळलं.

मला नंतर सगळ्यांनी विचारलं, तुम्ही असं कसं केलं? मला माहीत नाही. इतकी वर्षं परीक्षेची ड्युटी केली आहे, पाय आपोआप उठले. मी आतून धान भरायचा मोठा टोपला आणला आणि बापाच्या मातीला आलेल्या माणसांमधून फिरायला लागलो.

"मोबाइल इथं. बंद करून. चला, लवकर."

लोकांना वाटलं, मास्तराच्या डोक्यावर परिणाम झाला. पण मास्तरचा आवाज लागला की आमच्याकडे अजून माणसं देतात. पोरांनी दिले, त्यांच्या बापांनी दिले, ज्या म्हाताऱ्याकडे मोबाइल नव्हता त्यानं चष्मा दिला. मुन्ना गोंदियाहून आला होता, तो कुरकुरला, "जीजाजी, दुकान का फोन है." मी टोपला तसाच पुढे धरून उभा राहिलो. त्यानं टाकला. टोपला घेऊन मी आत गेलो आणि कुठं ठेवावा हे न सुचून धानाच्या कोठीत सगळा ओतला, वरून धान सारलं, झाकण लावलं, आणि बाहेर येऊन रिकामे हात फुफाबाईला दाखवले.

तिनं माझ्याकडे पाहिलं. मग तिनं भावाच्या कपाळावर हात ठेवला.

"मोरो भाऊ रे..."

 नाल्याला पूर आला होता रे भाऊ, लोक काठावर उभे होते, तू उडी मारलीस. म्हैस आली, सगळी आली. तिची शेपटी आली, शिंगं आली. मग निवडणूक आली. तीही आली, तिनं सोडली नाही : स्वतःच्या गल्लीनं तुला मत दिलं नाही रे भाऊ, तरी त्यांच्याच पोरीच्या लग्नात तू पंगतीला वाढलंस. त्याच गल्लीतली माणसं आता पंच्यानं डोळे पुसत होती. मग माझी आई गेल्याचं आलं. मग ती माझ्यापाशी आली : एक पोरगा मागे ठेवलास रे भाऊ, एकटा...

आणि आत, कोठीच्या आत, धानाच्या खालून, तिचाच आवाज आला.

"मोरो टेकू रे..."

मुन्नाचा मोबाइल. तो नंतर म्हणाला, त्यानं आवाज कमी केला होता. ढोल-ताशाची नक्कल त्यानं पुसली होती, पण पहिलं मूळ रडणं त्याला इतकं आवडलं होतं की ते रिंगटोन म्हणून ठेवलं होतं. रस्त्यात राहिलेला कोणी पाहुणा त्याला 'उचललं का' विचारायला फोन करत होता.

मी आत धावलो. झाकण उघडलं, तर आवाज दुप्पट झाला. खांद्यापर्यंत हात धानात घातला. हाताला येईल तो मोबाइल काढला, सगळे मुके. एकदा चष्मा आला. पुस्तकं वाचून डोळे घालवलेस रे टेकू. आवाज थांबला. पाहुणा चिकट होता, त्यानं पुन्हा लावला. पुन्हा मी मेलो. बाहेर बापाचं प्रेत, आत पोराचं रडणं, आणि पोरगा कोठीत उपडा.

"टेकू." बाहेरून फुफाबाईनं हाक मारली. तिचा आवाज शांत होता. "बंद नोको करू त्याले."

मी तसाच थांबलो.

"आहे का अजून थे? मले वाटलं पुसून टाकलं तुनं." ती बाहेरून बोलत होती आणि आतून रडत होती. "पुसजो नोको. तू जाशीन तवा मी राहीन का गा? अन् एकडाव रडून झाली तुह्यावर, आता दुसरी कोन रडन? जपून ठेव. मुन्ना, मोबाइल पाडजो नोको रे बाबू."

"नाही पाडत, फुफाबाई," मुन्ना म्हणाला. तो रडत होता.

मग ती भावाकडे वळली आणि जिथं सोडलं होतं तिथून उचललं. मी कोठीत हात घालून उभा होतो, आणि तिथंच मला रडू फुटलं. मराठीचा मास्तर असून एक शब्द आला नाही. नुसता आवाज आला.

बाबूजींवर नीट रडून झालं, आणि ते गेले. सगळ्यांनी आपापले मोबाइल धानातून शोधून नेले. पुढचा महिनाभर कोणाच्या तरी फोनमधून तूस निघत होतं.

मुन्नाचा तो मोबाइल आता जुना झाला आहे. ज्याला मी 'पुसून टाक' म्हणून शिव्या दिल्या, त्याला मी आता दर दिवाळीला नवं कव्हर नेऊन देतो आणि फोन बदलू नको म्हणून विनवतो. ब्लॉग पुन्हा सुरू केला आहे, पोरांच्या आया आता तेंदूपत्ता तोडतात आणि त्याला गुण मिळतात. माझं रडणं मात्र मी तिथं टाकलेलं नाही. ते माझ्या मातीला वाजेल.

एकदा मी फुफाबाईला हळूच म्हटलं, त्यातलं ते चहाचं तेवढं बदलता येईल का? ती म्हणाली, खोटं असेल तर सांग. म्हणून मी हल्ली शाळेतून आलो की दारातूनच, गल्लीला ऐकू जाईल असा, चहा मागतो. मिळत नाही. पण मागतो.